हापशापाशी थांबलेली गोष्ट

शिक्षकमित्रहो, हेलन केलरची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी वर्गात एकदा तरी सांगितली असेल. ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाला तर ती हमखास सांगितली जाते. तिचा सांगाडाही ठरून गेला आहे. एक आंधळी, बहिरी, हट्टी मुलगी. तिला शिकवायला आलेल्या अॅन सुलिव्हन बाई. महिनाभराची झटापट. मग एके दिवशी बाई मुलीचा एक हात हापशाच्या धारेखाली धरतात, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर ‘पाणी’ या शब्दाची अक्षरे काढतात आणि मुलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. गोष्ट इथे संपते. तात्पर्य, इच्छा तेथे मार्ग.

ही गोष्ट खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. आमची तक्रार ती कुठे सुरू होते आणि कुठे थांबते याबद्दल आहे. विज्ञान कार्यक्रमांच्या निमित्ताने पालघर, बोईसर, तारापूर या भागातील शाळांतून आमचे जाणे होते. तिथे हेलनचा विषय निघाला की दोन वाक्ये हटकून ऐकू येतात. ‘ती मुलगी मुळातच असामान्य होती’ हे एक, आणि ‘अशी बाई लाखात एखादीच’ हे दुसरे. दोन्ही वाक्ये आदरापोटी बोलली जातात. पण त्यांचा अर्थ काय होतो पाहा. मूल असामान्य हवे, शिक्षकही असामान्य हवा, आणि वर चमत्कार घडायला हवा. मग आपल्या गावातल्या तशा मुलासाठी साध्या शिक्षकाने करण्याजोगे उरते काय? म्हणून आम्हांला वाटते की, पाठ्यपुस्तकातला एखादा धडा तपासावा तशी ही गोष्ट एकदा तपासून पाहावी.

बधिरांध म्हणजे कोण?

आधी एक गैरसमज दूर करू. ज्याला अजिबात दिसत नाही आणि अजिबात ऐकू येत नाही, तोच बधिरांध, असे आपण समजतो. प्रत्यक्षात बहुतेक बधिरांध मुलांना थोडेसे दिसत असते किंवा थोडेसे ऐकू येत असते. पण दोन्ही उणिवा एकत्र आल्यामुळे एकीची भरपाई दुसरीने करता येत नाही. अंध मूल आवाजावरून जग समजून घेते, बहिरे मूल डोळ्यांनी. बधिरांध मुलाचे हे दोन्ही रस्ते अडलेले असतात.

डोळा आणि कान ही दुरून बातमी आणणारी इंद्रिये आहेत. आई स्वयंपाक करते, शेजारी भांडतात, एसटी येते, हे सारे मुलाला कोणी शिकवत नाही. ते पाहता-ऐकता आपोआप कळत जाते. स्पर्शाचे तसे नाही. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे कळतात. ब्रेलमधील ठिपके सुमारे अडीच मिलिमीटर अंतरावर असतात, ते याच हिशेबाने. म्हणजे बोट बारकाव्यात पटाईत आहे. पण त्याची खिडकी लहान आणि ते पोचते हाताच्या अंतरापर्यंतच. एसटीत चढवलेल्या बधिरांध मुलासाठी एसटी म्हणजे एक उंच पायरी, एक थंडगार दांडा आणि अंगाला बसणारे हादरे. एवढ्यावरून तिचे चित्र त्याने कसे जुळवावे? दुसऱ्या मुलांना फुकट मिळणारी प्रत्येक गोष्ट या मुलाला कोणीतरी हाताशी आणून द्यावी लागते.

कारणे अनेक आहेत. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला तर बाळाला जन्मतः मोतीबिंदू, बहिरेपण आणि हृदयदोष होऊ शकतात. रुबेला आणि मोतीबिंदू यांचा संबंध १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवून दिला. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या शाळांतून गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली, त्या वेळी मुलांच्या रांगा लावणाऱ्या शिक्षकांनी या कामाला हातभारच लावला होता. याशिवाय अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि मेंदूज्वर हीही कारणे असतात. अशर सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक विकारात मूल जन्मतः बहिरे असते किंवा त्याला कमी ऐकू येते, आणि पुढे त्याची नजर हळूहळू जाते. त्याची सुरुवात बऱ्याचदा रातांधळेपणाने होते.

पुस्तकात काय आहे?

आता मूळ पुराव्याकडे वळू. हेलन केलरचे आत्मचरित्र १९०३ साली पुस्तकरूपाने निघाले. त्यात तिच्या आठवणींबरोबर अॅन सुलिव्हनची त्या काळातील पत्रेही छापली आहेत. गोष्ट सांगणारे सहसा आठवणी वाचतात आणि पत्रे सोडून देतात. आमच्या मते शिक्षकाने वाचायची ती पत्रेच.

हेलनचा जन्म २७ जून १८८० चा. एकोणीस महिन्यांची होईपर्यंत तिला दिसत होते आणि ऐकू येत होते. ती बोलूही लागली होती. आजारानंतरसुद्धा पाण्यासाठीचा एक बोबडा उच्चार तिच्यापाशी टिकून राहिला होता. हापशापाशी पोचलेली मुलगी कोरी पाटी नव्हती.

पुढची पाच वर्षेही रिकामी गेलेली नाहीत. पाव हवा असला की ती कापण्याची खूण करी, वडील म्हणजे चष्मा लावण्याची खूण, आइस्क्रीम म्हणजे यंत्र फिरवून कुडकुडण्याची. धुऊन आलेल्या कपड्यांतून स्वतःचे कपडे ती ओळखून काढी. घरच्या स्वयंपाकिणीची मुलगी मार्था वॉशिंग्टन ही तिची सोबतीण होती. दोघी मिळून पीठ मळत, कॉफी दळत, कोंबड्यांना दाणे घालत, गवतात लपवलेली अंडी शोधत. हेलनच्या खुणा मार्थाला नीट समजत. आपण गोष्ट सांगताना या मार्थाचे नाव घेतो का? हेलनची पहिली शिक्षिका खरे तर तीच म्हणायला हवी.

अॅन सुलिव्हन ३ मार्च १८८७ ला आली. हापशाचा प्रसंग ५ एप्रिलचा. या दोन तारखांच्या मध्ये काय घडले, याची नोंद पत्रांत आहे. ३१ मार्चपर्यंत हेलनला अठरा नामे आणि तीन क्रियापदे बोटांनी लिहिता येत होती, असे सांगून बाईंनी यादीच दिली आहे. त्या यादीत ‘पाणी’ हा शब्द आहे! म्हणजे ज्या शब्दाने चमत्कार झाला असे आपण सांगतो, तो शब्द हेलनच्या बोटांना निदान पाच दिवस आधीपासून येत होता. हापशापाशी तिला शब्द मिळाला नाही, शब्द कशासाठी असतो हे उमगले. पेला आणि त्यातला द्रव यांचा घोळ चालला होता, तो सुटला. हे उमगणे मोठेच आहे, पण ते एकवीस शब्दांच्या सरावावर आणि पाच वर्षांच्या खुणांवर उभे आहे.

आणखी एक तारीख आहे, ती तर गोष्टीत कधीच येत नाही. १० एप्रिलच्या पत्रात बाई लिहितात की, ठरावीक वेळचे धडे त्या बंद करणार आहेत. हेलनची पंधरा महिन्यांची एक लहान नातलग होती. तिचे निरीक्षण करताना बाईंच्या लक्षात आले की, बाळाला कोणी एकेक शब्द घोकवत नाही. सगळे त्याच्याशी पूर्ण वाक्यांत बोलत राहतात, आणि बोलता येण्याच्या कितीतरी आधी ते समजू लागते. तेव्हा बाळाच्या कानात जसे बोलतात तसे हेलनच्या हातात दिवसभर बोलायचे, असा त्यांनी निश्चय केला. आमच्या मते या कथेतला सर्वांत मोठा शोध हा आहे. तो हापशानंतर पाच दिवसांनी लागला, आणि तो मुलीला नव्हे, शिक्षिकेला लागला. निरीक्षण, त्यावरून तर्क आणि मग पद्धतीत बदल. यात चमत्कार कुठेच नाही.

नाटक आणि चित्रपट

ही कथा घरोघर नेली ती विल्यम गिब्सन यांच्या ‘द मिरॅकल वर्कर’ या १९५९ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाने आणि त्यावरील १९६२ च्या चित्रपटाने. नावातच चमत्कार आहे. हापशाचा प्रसंग शेवटी ठेवल्यामुळे प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो आणि पुढच्या कामाचा विचार त्याच्या मनात येत नाही. पण गिब्सन यांना एका गोष्टीचे श्रेय द्यायला हवे. जेवणघरातल्या मोठ्या झटापटीनंतर त्यांची अॅन बाहेर येऊन जी बातमी देते ती अशी की, मुलीने रुमालाची घडी घातली. शिक्षणाची सुरुवात अशा घडीतून होते, हे नाटककाराने ओळखले होते. पुढे गोष्ट सांगणाऱ्यांनी हापसा ठेवला, रुमाल टाकून दिला.

आपल्याकडे २००५ साली संजय लीला भन्साळी यांचा ‘ब्लॅक’ आला. त्यात हापशाऐवजी कारंजे आहे. ओढाताण, आरडाओरडा आणि अंधार-उजेडाचा खेळ यांतून एका शब्दाचा साक्षात्कार होतो. अभिनय उत्तम आहे, पण त्या मुलीच्या हाताशी कोणत्या वस्तू येतात आणि त्यांतून तिला काय कळत जाते, हे आपल्याला फारसे दिसत नाही. मोठेपणी ती पुन्हा पुन्हा नापास होते आणि तरीही शिकत राहते, हा भाग मात्र चित्रपटाने प्रामाणिकपणे दाखवला आहे. चित्रपटातील बहुतेक वादळी दृश्ये वर्गासाठी निरुपयोगी आहेत, उलट घातकच. जबरदस्तीने धरलेला हात आक्रसतो. बधिरांध मुलाचे हात हेच त्याचे डोळे आणि कान असतात. ते पकडून ठेवणे म्हणजे त्याचे डोळे झाकून कानांत बोळे घालण्यासारखे आहे.

चमच्यापासून सुरुवात

हीच कथा दुसऱ्या बाजूने मांडणारे एक पुस्तक सोव्हिएत रशियात झाले. अलेक्झांडर मेश्चेर्याकोव्ह हे मॉस्कोजवळील झागोर्स्क येथे १९६३ साली सुरू झालेल्या बधिरांध बालगृहाशी निगडित मानसशास्त्रज्ञ. त्यांचे पुस्तक १९७४ साली निघाले आणि १९७९ मध्ये मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाने ते इंग्रजीत आणले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. भाषा ही पहिली पायरी नाही. मूल आधी चमच्याने जेवायला, सदरा घालायला, तोंड धुवायला शिकते. चमचा माणसांनी विशिष्ट कामासाठी बनवलेला आहे. तो वापरताना मूल माणसांच्या जगात पाऊल टाकते. शिक्षकाने आरंभी मुलासोबत चमचा धरावा, आणि मुलाच्या हातात स्वतःची किंचितशी हालचाल जाणवली की आपला जोर त्या प्रमाणात कमी करावा. ही पहिली हालचाल ओळखता आली पाहिजे. ती दडपली गेली तर मूल कायमचे परावलंबी होते.

झागोर्स्कच्या चार विद्यार्थ्यांनी १९७१ साली मॉस्को विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९७७ मध्ये पदव्या मिळवल्या. याचाही तेव्हा चमत्कार म्हणून गाजावाजा झाला. त्यावर टीकाकारांनी दाखवून दिले की, हे विद्यार्थी जन्मापासून पूर्ण बधिरांध नव्हते. आक्षेप रास्त आहे. पण तो यशाच्या जाहिरातीला लागू पडतो, चमच्याला नाही. पुढे नेदरलँड्समध्ये यान व्हान डाइक यांनी रुबेलाग्रस्त मुलांबरोबर काम करताना हालचालीतून संवाद आणि वस्तूंतून दिनक्रम ही दिशा आणखी विकसित केली.

ही परंपरा आपल्याला परकी नाही. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतील डॉक्टर इतार, त्यांचे शिष्य सेगँ, आणि त्या दोघांच्या लेखनाचा कसून अभ्यास करणाऱ्या मारिया माँटेसोरी, अशी ही साखळी आहे. माँटेसोरींची इंद्रियशिक्षणाची साधने या कामातूनच आली. ते विचार भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी आपल्या मातीत रुजवले. ताराबाई १९४५ साली बोर्डीला आल्या आणि १९५७ पासून त्यांचे काम कोसबाडला चालले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. विकत आणलेल्या साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया, दगड वापरायचे आणि शाळेत न येणाऱ्या मुलांपर्यंत शाळाच न्यायची, हे त्यांनी याच परिसरात करून दाखवले. अपंग मुलांच्या शिक्षणातून निघालेली पद्धत सर्व मुलांच्या उपयोगी पडली. ती पुन्हा बधिरांध मुलापर्यंत नेणे ही नवी कल्पना नसून जुनी उसनवारी फेडणे आहे.

पाड्यावरच्या मुलासाठी

समजा, विक्रमगड किंवा जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर असे एक मूल आहे. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जातात, तेव्हा तेही सोबत जाते. किंवा बोईसरच्या एखाद्या चाळीत, परराज्यातून औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या कुटुंबात ते आहे. ते हाकेला ओ देत नाही, एका जागी बसून डोलते, हात लावला की दचकून ओरडते. लोक म्हणतात, वेडे आहे. या मुलाचे नाव पटावर असलेल्या शिक्षकाने काय करावे?

पहिले काम ओळखण्याचे. बहिऱ्या मुलाचे डोळे तपासून घ्यावेत, अंध मुलाचे कान. बहिरे मूल तिन्हीसांजेला अडखळत असेल तर त्याला वेंधळे म्हणू नये. कारण जीवनसत्त्व ‘अ’ची उणीव असू शकते किंवा अशर सिंड्रोमही असू शकतो, आणि ते डॉक्टरच ठरवू शकतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीसाठी अंगणवाडीत आणि शाळेत येते. घरी राहिलेल्या मुलालाही त्या दिवशी आणवावे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत बधिरांधत्वाचे नाव नव्हते. २०१६ च्या कायद्यात ते बहुविकलांगतेखाली स्पष्ट नोंदले आहे. २०११ च्या जनगणनेत मात्र त्याचा वेगळा रकाना नव्हता. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी तरतूद कोण करणार? म्हणून प्रमाणपत्रावर नेमका शब्द पडावा यासाठी आग्रह धरायला हवा.

दुसरे काम ओळख देण्याचे. मुलाजवळ येणाऱ्या प्रत्येकाने ठरलेल्या जागी हलकेच स्पर्श करावा आणि आपली खूण त्याच्या हाताला लावावी. बाईंची बांगडी, गुरुजींचे घड्याळ, बहिणीची वेणी. अचानक उचलू नये, न सांगता निघूनही जाऊ नये.

तिसरे काम खूणवस्तूंचे. जेवणाआधी वाटी, आंघोळीआधी पंचा, शाळेला निघताना दप्तराचा पट्टा हातात द्यावा, दर वेळी तोच आणि कामाच्या लगेच आधी. पुढे या वस्तू एका खोक्यात क्रमाने ठेवल्या की मुलाला आता काय आणि नंतर काय, हे कळू लागते. त्याला मराठी येते की वारली की हिंदी, हा प्रश्न इथे आड येत नाही. कुटुंब भट्टीवर गेले तर तो खोका बरोबर जाऊ शकतो. जागा बदलली तरी वाटीचा अर्थ बदलत नाही.

चौथे, काही दाखवायचे झाले तर मुलाचा हात वरून पकडू नये. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवावा, म्हणजे आपण काय करतो ते त्याला कळते आणि नको वाटले तर हात काढूनही घेता येतो. आणि पाचवे, घरकामात त्याला सामील करून घ्यावे. भाकरीचे पीठ, कोंबड्यांचे दाणे, भाताचे पाखडणे, हापशाचा दांडा. इथे मार्थाची आठवण ठेवावी. पाड्यावर मार्थांची वाण नसते, फक्त त्यांना कोणी हे काम महत्त्वाचे आहे असे सांगितलेले नसते.

यातले काहीही करायला असामान्यत्व लागत नाही. मात्र वेळ लागतो, आणि इथे आम्हांला दुसऱ्या बाजूचेही बोलले पाहिजे. हेलनला एक संपूर्ण शिक्षिका मिळाली होती. तिचा पगार वडील देत. पुढे कॉलेजचा खर्च हेन्री रॉजर्स या उद्योगपतीने उचलला. अॅन स्वतः अधू दृष्टीची, पर्किन्स अंधशाळेत शिकलेली होती. त्याच शाळेत १८३७ सालापासून लॉरा ब्रिजमन या बधिरांध मुलीला शिकवल्याचा पन्नास वर्षांचा अनुभव साठला होता. अॅन तो अभ्यासून आली आणि बोटांची लिपी ती लॉराकडूनही शिकली होती. म्हणजे एकट्या बाईच्या मागे एक संस्था, तिची दप्तरे आणि पैसा उभा होता. दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींना ‘तुम्ही अॅन सुलिव्हन व्हा’ असे सांगणे हा अन्याय आहे. समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकाला अशा मुलासाठी नियमित तास मिळाले पाहिजेत, त्याचे या विषयातले प्रशिक्षण झाले पाहिजे, आणि ही मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात आली पाहिजे. चमत्काराची गोष्ट ऐकून ही मागणी कोणाला सुचत नाही, हा तिचा सर्वांत मोठा दोष.

हेलन केलर स्वतः १९५५ साली भारतात येऊन गेल्या. त्यांचा सत्कार झाला, कौतुक झाले. मुंबईत बधिरांध मुलांसाठी हेलन केलर इन्स्टिट्यूट उभी राहिली ती बेरोझ वाच्छा यांच्या पुढाकाराने, १९७७ साली. मधली बावीस वर्षे गोष्ट आपल्याजवळ होती, शाळा नव्हती. अर्थात, त्या संस्थेला नाव हेलनचेच आहे, तेव्हा गोष्टीने काहीच साधले नाही असे कोणी म्हणू नये. पण बोईसरहून मुंबई शंभरेक किलोमीटर दूर आहे, जव्हार-मोखाड्याहून तर प्रवासच दिवसाचा. जे करायचे त्याचा बराच भाग इथे, घरी आणि गावच्या शाळेतच करावा लागेल.

तेव्हा यंदाच्या ३ डिसेंबरला ही गोष्ट जरूर सांगा. ५ एप्रिलचा हापसाही सांगा, मुलांना तो आवडतो. मात्र त्याआधी मार्था सांगा, रुमालाची घडी आणि ३१ मार्चची यादी सांगा. मग १० एप्रिलचे पत्र सांगा आणि वर्गाला विचारा, ‘त्या दिवशी नवीन काय शिकले, आणि कोण शिकले?’ त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारा. ‘आपल्या पाड्यावर, चाळीत किंवा आळीत असे एखादे मूल आहे का, जे शाळेत येत नाही?’ अशी मुले कुठे आहेत, हे मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त माहीत असते.